तुमच्या आनंदासाठी काम चालू आहे

रा. रा. व्याहीबुवा यांना आमचा नमस्कार पोचावा.

विहीणबाईंनाही सांगा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे घरात टेकू उभे असताना माणसाला जेवढं ठीक राहता येतं तेवढे. तुमच्या कमरेचं कसं काय ते कळवा. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं असेल तर राहा, पण फार नको. सवय लागते. (आमच्या डेपोतला एक टाइमकीपर असाच पाठ धरली म्हणून आडवा झाला तो पेन्शन घ्यायलाच उठला.) गरम विटेचा शेक चांगला. वीट कुठून आणायची हे तुम्हा बांधकामवाल्यांना मी सांगायला नको. आमच्या अंगणात तुमच्याच पडल्यात, लागली तर पाठवतो.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. तर फोनवर बोललेलं हल्ली आमच्याकडे घरभर ऐकू जातं. तुमच्या मिस्त्रीने भिंतींना इतकी भोकं पाडलीत की मी मोरीत खोकलो तर सूनबाई स्वयंपाकघरातून औषध घेऊन येते. शिवाय फोनवर माझं तोंड सुटतं, आणि व्याह्यांपुढे तोंड सोडायचं नाही असं आमची ही जाताना बजावून गेली आहे. पत्रात खोडता तरी येतं.

हकिकत अशी. तुमचा मिस्त्री म्हणाला, स्लॅब टाकायच्या दिवशी घरात कोणी थांबू नका, वरून पाणी गळेल, खाली टेकूंची ठोकाठोक चालेल. आता वरचा मजला चढवायचं निघालं तेव्हा मीच म्हटलं होतं की चढवा. पोरांना जागा हवी, सूनबाईला स्वतःचं स्वयंपाकघर हवं, जिना बाहेरून काढला की खालच्याला वरच्याची कटकट नाही आणि वरच्याला खालच्याची नाही. चार माणसांत म्हटलं होतं, तुम्ही होतातच. तेव्हा त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रश्न एका दिवसाचा होता. मी म्हटलं मी शेजाऱ्यांच्या पायरीवर बसतो. पण तुमचे जावई (काही बरं करतो तेव्हा तो माझा मुलगा असतो, असलं काही करतो तेव्हा तुमचा जावई) फोनवर बोट फिरवून म्हणाले, आपण सगळे थीम पार्कला जाऊ. आपल्या नातीने, ठकीने, उड्या मारल्या आणि तिथेच निकाल लागला. थीम म्हणजे काय, असं मी विचारलं. म्हणाला, बाबा, सगळं खोटं असतं, पण ठरवून खोटं. म्हणजे घरातलं बांधकाम चुकवायला आम्ही बाहेर पडलो आणि तिकीट काढून दुसऱ्या बांधकामात शिरलो.

दारातच पाटी. 'तुमच्या आनंदासाठी काम चालू आहे.' मी तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीला विचारलं, आनंद तयार कधी होणार? ती म्हणाली, आजोबा, टप्प्याटप्प्याने. आता टप्पा मला कोणी शिकवू नये. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली मी. एकदा तिकीट फाडलं की माणूस पोचवायचा, मग रस्ता खणलेला असो की पूल खचलेला असो. 'पुढचा रस्ता व्हायचाय, इथेच बसून मजा करा' असं मी एकाही उतारूला सांगितलं नाही. सूनबाई हळूच म्हणाली, बाबा, मागे रांग थांबलीये. ते खरं होतं म्हणून मी पुढे सरकलो. रांग अडवणाऱ्याचा मला स्वतःलाच राग आहे.

आत गेलो तर दोन्ही बाजूंना पत्रेच पत्रे. त्यांच्यामागे ठोकठोक, घरघर, धूळ. (धुळीची चव अगदी आपल्या अंगणातल्यासारखी. सिमेंट एकच असावं, तुम्हाला कळेल.) पत्र्यांवर मात्र रंगीत चित्रं काढलेली, पुढे काय काय होणार त्याची. एक कुटुंब हसत उभं होतं. बाप, आई आणि मुलगी, तिघांचे दात सारखे. पुढच्या पत्र्यावर तेच कुटुंब होडीत, त्याच्या पुढच्यावर तेच पाळण्यात. मी पत्रे संपेपर्यंत बघत गेलो. आजोबा कुठेच नव्हता. कदाचित तो फोटो काढत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

पाळणा होता, पण त्याला बसायचे झुले लावायचे राहिले होते. पाण्याची घसरगुंडी होती, पाण्याशिवाय. एक छोटी आगगाडी तेवढी चालू होती. ती डोंगरापर्यंत जायची, बोगद्याच्या तोंडाशी थांबायची आणि उलटी परत यायची, कारण बोगदा अजून खणायचा होता. ठकी त्या गाडीत पुन्हा पुन्हा बसली आणि दर वेळेला मला म्हणाली, आजोबा, घंटा द्या. हे आमचं दोघांचं घरचं आहे, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. माझी खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात मी सकाळी खुर्ची टाकून बसतो. ठकी आली की तिने थांबायचं, कुठे जाणार ते सांगायचं, 'शाळा' म्हणा की 'मोरी' म्हणा, मी तिकिटं टोचायचा जुना पंच वाजवायचा आणि तोंडाने दोनदा 'टिंग' म्हणायचं. मग ती जाते. एकदा टिंग म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चला. हा नियम ती मोडत नाही. त्यापायी शाळेला उशीर होतो आणि तुमच्या लेकीला मनस्ताप होतो, हे मला कबूल आहे.

खरा घोटाळा पुढे झाला. गाडीतून उतरून आम्ही एका किल्ल्यापाशी आलो. बुरूज ढासळलेला, भिंतीला ही एवढी भेग, एक कमान तर कधी कोसळेल सांगता येत नाही, आणि तिच्याखाली लोक लेकरांना उभं करून फोटो काढतायत. मी ठकीला मागे ओढलं आणि पहारेकऱ्याला धरलं. अरे, दोरी बांध, पाटी लाव, माणसं मरतील. तो शांतपणे म्हणाला, आजोबा, हे काम पूर्ण झालेलं आहे. मी म्हटलं, पूर्ण झालंय का संपलंय? तो म्हणाला, हे पडकं म्हणूनच बांधलंय. नवीन आहे, गेल्या महिन्यातलं. व्याहीबुवा, तुमचा धंदा काय थराला गेलाय ते बघा. उद्या तुमच्या मिस्त्रीने एखादी भिंत वाकडी बांधली आणि म्हणाला की ही वाकडी म्हणूनच बांधली, तर मी कुठल्या तोंडाने भांडू?

त्यानंतर माझा कशावरच विश्वास राहिला नाही. एका खडकाला टेकलो तर तो डब्यासारखा वाजला. पोकळ. एका झाडाचं पान ओढलं तर अख्खी फांदी हातात आली, ती मी गुपचूप परत खोचली. मग एक खड्डा लागला, भोवती पिवळी पट्टी, आत चिखल, दोन माणसं फावडं घेऊन. मला वाटलं हाही देखावा असणार, म्हणून मी ठकीला म्हटलं बघ, किती हुबेहूब केलंय, आणि पट्टी ओलांडून पाय टाकला. तो खरा होता. बूट अजून वाळतोय. खड्ड्यापाशी एक अस्वल उभं होतं, म्हणजे अस्वलाच्या कातड्यात माणूस, आणि त्याच्या हातात पाटी, 'कृपया या बाजूने'. मूळ नेमणूक त्याची मुलांना हसवायची, पण खड्डे वाढल्यावर त्याला वाहतुकीला लावला होता. मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटला. ठकीने त्याला विचारलं, आत उकडतं का? अस्वलाने मान डोलावली.

इथे तुमचे जावई आणि सूनबाई खायची जागा शोधायला गेले आणि मला सांगून गेले की इथून हलू नका. मी हलणार नव्हतो. पण समोर रांग दिसली. चांगली सरळ, गलका नाही, ढकलाढकली नाही, अशी रांग मी त्या जागी सकाळपासून पाहिली नव्हती. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी चालू आहे, हा माझा जन्माचा अनुभव. ठकीला घेऊन मी शेवटी उभा राहिलो. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या होत्या, त्या कडक असतात त्या. एका मुकादमाने, टोपी कुठाय, म्हणून माझ्याही डोक्यावर एक चढवली आणि ठकीकडे बघून म्हणाला, हिला का आणलीत? मी म्हटलं, हिच्यासाठीच तर आलोय. त्यावर तो विचारात पडला आणि निघून गेला. खेळ असेल तर टोप्या असणारच, असं मी धरून चाललो. रांग सरकली, आणि पुढे एक बाई मोठ्या पातेल्यातून जेवण वाढत होती. म्हणजे ती कामगारांच्या जेवणाची रांग होती. तिने माझ्याकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं, म्हणाली, बसा बाबा, पोरीला भूक लागली असेल. आम्ही विटांच्या थप्पीवर बसून जेवलो. गरम होतं आणि खरं होतं. ठकी म्हणाली, आजोबा, हा खेळ सगळ्यात छान. तेवढ्यात चिरंजीव हात हलवत परतले. खायच्या जागेचं छप्पर अजून चढलं नव्हतं. मला टोपी घालून कामगारांत जेवताना बघून ते नुसते डोळे मिटून उभे राहिले. त्यांची आई अशीच करायची.

आता मुख्य गोष्ट. जेवणानंतर माझा गुडघा बोलायला लागला. समोर राजवाडा होता, झेंडे लावलेला, खिडक्यांना महिरपी. सूनबाई मायेनेच म्हणाली (तिच्या मायेत खोट नाही, हे लेकीचे वडील म्हणून तुम्ही आधी वाचून घ्या), बाबा, तुम्ही इथे सावलीत बसा, आम्ही वर जाऊन पटकन बघून येतो. बसलो. पोकळ खडकावरच बसलो. आणि थोड्या वेळाने वरच्या खिडकीत ते तिघं दिसले. मुलाचा हात सूनबाईच्या खांद्यावर, ठकी मध्ये, तिघंही हसतायत. मला वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. मग आठवलं. पत्र्यावर.

ठकी वरून ओरडली, आजोबा, वर या, इथून सगळं दिसतं. मी उठलो. एक मजला तर चढायचा, त्यात काय. राजवाड्याच्या दारातून आत गेलो, तर आत राजवाडा नव्हताच. समोरची भिंत तेवढी, आणि मागे टेकू, सिमेंटची पोती, एक उलटं घमेलं. जिना नाही. वर बघितलं तर फळ्यांच्या फटीतून ठकीची चप्पल दिसत होती. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, वर कुठून जायचं?

"बाहेरून."

"बाहेर म्हणजे कुठून?"

"मागून, बाबा."

"मागे खड्डा आहे."

"हो, काम चालू आहे."

"मग ती माणसं वर कशी गेली?"

"तेव्हा चालू नव्हतं."

हे तो मस्करीने बोलत नव्हता. मी मागे गेलो. पट्टी. बाजूने गेलो. पत्रा. पत्र्याच्या कडेकडेने गेलो तर पडक्या किल्ल्यापाशी निघालो. परत वळलो, दुसरी वाट धरली, पुन्हा किल्ला. नकाशा उघडला तर त्यात सगळं पूर्ण झालेलं होतं, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. आणि हे चालू असताना ठकी मधून मधून वरून हाक मारतच होती. व्याहीबुवा, मी शहरातल्या सगळ्या मार्गांवर नोकरी केली. डोळे मिटून थांबे सांगायचो. पण आपलं माणूस डोक्यावर उभं आहे, हाक ऐकू येतेय, आणि तिथे पोचायचा रस्ता कुठून ते कळत नाही, असं माझं कधी झालं नव्हतं. चूक माझी का त्या जागेची, हे मला अजून उमगलेलं नाही.

शेवटी अस्वलाने माझा हात धरला. त्याला फक्त तोंडाच्या फटीतून दिसतं आणि मला चष्म्यावरच्या धुळीने दिसत नव्हतं, असे आम्ही दोघं निघालो. डोक्यावर पिवळी टोपी असल्याने कोणी अडवलं नाही, उलट एकाने सलाम केला. कामगारांच्या परांचीवरून, फळ्यांवरून, खालून अस्वल ढकलतंय आणि वरून मी कठडा ओढतोय, असा मी राजवाड्याच्या त्या वरच्या खिडकीपाशी पोचलो. तिथे कोणी नव्हतं. खिडकीतून खाली बघितलं तर ते तिघं खाली, मी बसलो होतो त्या खडकापाशी, मला शोधत होते. पहारेकऱ्याने त्यांना म्हणे दुसऱ्या अंगाने उतरवलं. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला होता. माझा मुलगा पत्र्यांच्या मागे डोकावून 'बाबा, बाबा' करत होता. (इथे तो माझा मुलगा होता.)

मी वरून म्हटलं, अरे, इथे आहे. आणि परत फिरायला लागलो. तेव्हा ठकीने खालून, सगळ्या ठोकठोकीच्या वर ऐकू जाईल असं, एकदाच म्हटलं, "टिंग."

मी थांबलो. जन्मभराची सवय आहे, एका घंटेवर पाय उचलत नाही. ती पहारेकऱ्याचा हात धरून येईपर्यंत मी तिथेच उभा होतो, अस्वल माझ्या शेजारी. उभ्या उभ्या खाली बघत होतो. एका मजल्याची उंची म्हणजे काय हो, काहीच नाही. हाक ऐकू येते, चेहरा दिसतो, कोण रागावलंय कोण घाबरलंय तेसुद्धा कळतं. पण जायचं कसं ते, जाऊ द्या. ठकी आली, माझं बोट धरलं, दोनदा टिंग म्हणाली, आणि आम्ही उतरलो.

येताना गाडीत सूनबाई म्हणाली, वरचा मजला झाला की बाबांना जरा शांतता मिळेल. मी म्हटलं, हो. घरी आलो तर स्लॅब टाकून झाला होता, एक थेंब गळला नव्हता, तुमच्या माणसांचं काम चोख आहे. माझ्या खाटेच्या दोन्ही अंगांना टेकू आहेत, मध्ये मी झोपतो. राजवाड्यात झोपल्यासारखं वाटतं.

बाकी विशेष काही नाही. कमरेला जपा. वजन उचलू नका, उचलायला मिस्त्री आहे.

तुमचा,
व्याही

ता. क. ती पिवळी टोपी माझ्या डोक्यावर घरीच आली. घरी आल्यावर आरशात दिसली. परत कशी करायची ते कळत नव्हतं, तोवर तुमच्या मिस्त्रीने घातली आणि आता तो तिच्याशिवाय वर चढत नाही. तुम्ही आल्यावर बघा.

ता. क. सूनबाईच्या स्वयंपाकघराची खिडकी मोठी काढा. वरून तिला सगळं दिसायला हवं. त्यात काटकसर नको.

ता. क. जिन्याचं काम मिस्त्री पुढच्या आठवड्यात धरतो म्हणाला, तुम्ही आल्यावर. बाहेरून. मी चार माणसांत बाहेरूनच म्हटलं होतं, आणि शब्द फिरवणारा माणूस मला आवडत नाही. पण तो जिना आतून निघाला, माझी खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारापाशी, तर माझी हरकत नाही. माझी अर्धी खोली गेली तरी चालेल, मला एक खाट आणि एक खुर्ची लागते. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका. म्हणा की बाहेर तुळई आडवी येते, किंवा माती भुसभुशीत आहे, किंवा तुमच्या धंद्यात अशा वेळी जे काय म्हणतात ते. ठरवून खोटं बोललं तर पाप नाही, हे मी त्या पार्कात शिकलो.

ता. क. गुडघ्याचं विचाराल तर मला चढायचंच नाहीये. ठकीने उतरायचं आहे.

ता. क. या पत्राला उत्तर पाठवू नका, सूनबाईच्या हाती पडेल. कामावर याल तेव्हा दाराची कडी वाजवा. दोनदा वाजवलीत तर मी खाट सरकवायला घेतो. एकदाच वाजवलीत तरी आत या, चहा घेऊ.